सेकंदाला दोन बजेटं

गेल्या पावसाळ्यात आमच्या मावशीला थंडी वाजून ताप आला आणि लघवीला जळजळ सुरू झाली. डॉक्टरांनी युरिन कल्चर करायला सांगितलं. लॅबच्या खिडकीतल्या मुलाने डबी घेतली, चिठ्ठी चिकटवली आणि मान वर न करता म्हणाला, "रिपोर्ट परवा संध्याकाळी." मावशी तिथल्या बाकावर टेकली. "अरे, ताप आज आणि रिपोर्ट परवा?" मुलगा हसला. "मावशी, जंतू वाढायला नकोत का?"

मावशीला ते पटलं नाही. मला पटलं, पण डोक्यातून जाईना. जंतू वाढायला वेळ लागतो, म्हणजे किती? घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि पुढच्या अर्ध्या तासात समोरचा चहा कधी गार झाला ते कळलं नाही. तुम्हीही या बसायला. पुन्हा पहिल्यापासून मांडू.

लघवीच्या संसर्गात बहुतेक वेळा सापडतो तो ई. कोलाय. लांबी सुमारे २ मायक्रॉन. डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे चाळीस जण ओळीने झोपतील. वजन साधारण एक पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमभराच्या पुडीत एक लाख कोटी नग! पोटभर खायला, ३७ अंशांची ऊब आणि खेळती हवा मिळाली की हा गडी दर २० मिनिटांनी एकाचे दोन होतो. दोनाचे चार, चाराचे आठ. इतकंच त्याचं काम आणि तो ते मनापासून करतो.

आता हा एकच जिवाणू रात्री ९ वाजता दादरला ठेवू, पुण्याच्या शिवनेरी बस सुटतात तिथे. त्याला पुण्याला जायचंय. चालत नाही, फक्त वाढत. जन्मणारा प्रत्येक जण आधीच्याच्या पुढे जाऊन आडवा पडणार आणि अशी रांग पुण्याकडे सरकणार.

मध्यरात्र उलटून वीस मिनिटं झाली. दहा वेळा दुप्पट झाले, १,०२४ जण. रांग किती लांब? दोन मिलिमीटर. मोहरीच्या दाण्याएवढी. तीन तास वीस मिनिटं घालवून मोहरीचा दाणा! या वेगाने पुणं यायला किती जन्म लागतील, असं वाटून तुम्ही झोपायला जाता.

पहाटे ३ वाजून ४० मिनिटं. आणखी दहा दुपटी. दहा लाखांवर जण, रांग दोन मीटर. फलाटावर पाय पसरून झोपलेल्या माणसाएवढी. दादर काही सुटलेलं नाही.

सकाळी ७. आणखी दहा दुपटी. १०७ कोटी जण. रांग दोन किलोमीटर, माटुंग्याला टेकली. दहा तासांत दादर ते माटुंगा. हसू नका. आता घड्याळावरून नजर हलवू नका.

८ वाजता रांग १७ किलोमीटर, खाडी ओलांडून वाशी. ८ वाजून २० मिनिटांनी ३४ किलोमीटर, पनवेल जवळ आलं. ८.४० ला जवळपास ६९ किलोमीटर, खोपोली. समोर घाट. घाट ते चढत नाहीत, गिळतात. बरोब्बर ९ वाजता रांग १३७ किलोमीटर झालेली असते आणि तिचं टोक पिंपरी-चिंचवडच्या सिग्नलला उभं असतं! मध्यरात्र उलटेपर्यंत जेमतेम मोहरीचा दाणा झालेल्या या पोराने शेवटच्या वीस मिनिटांत खोपोली ते चिंचवड मारलं. आणि ९.२० ला? रांग पुन्हा दुप्पट. पुण्याला वळसा घालून परत दादरच्या वाटेवर.

मुंबईपासून पुण्यापर्यंत पसरलेल्या या रांगेचं वजन किती असेल? अंदाज करा. ट्रकभर? पोतंभर? सत्तर मिलिग्रॅमही नाही. तांदळाचे तीन दाणे. दादर ते चिंचवड, सगळा एक्स्प्रेस-वे धरून, तांदळाच्या तीन दाण्यांत!

बुद्धिबळाच्या पटावर तांदूळ मागणाऱ्या शहाण्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्याची ६४ घरं या जिवाणूला २१ तास २० मिनिटांत पार करता येतात. चोवीस तासांत ७२ दुपटी. वजन ४,७०० टन, म्हणजे दहा टनी ट्रक लावले तर ४७०. आणि सोमवारी रात्री ९ ला सुरुवात केली असेल तर बुधवारी संध्याकाळी ५ च्या सुमारास, म्हणजे ४४ तासांनी, एकूण वजन जवळपास पृथ्वीइतकं.

बुधवारी संध्याकाळी पृथ्वी जागेवर असते, हे आपण सगळे रोज बघतो. मग गडबड कुठे झाली? गणितात काहीच चुकलेलं नाही. अडतो तो संसार. ताटातलं संपतं आणि श्वासातलं संपतं. दोन्हींपैकी श्वासाचा हिशेब फार मजेदार आहे, त्याच्याकडे येतोच. आधी एक विहीर बघू.

आपल्याकडच्या शेतातली गोल विहीर डोळ्यांसमोर आणा. रुंदी वीस फूट, पाणी तेहेतीस फूट. आत पावणेतीन लाख लिटरांहून जास्त पाणी. तिच्यात खसखशीचा एक दाणा टाका. एकच. मिलिलिटरभर पाण्यात एक जिवाणू असणं म्हणजे हे! प्रमाण अगदी तेवढंच. विहिरीच्या काठावर उभं राहून "आत खसखस आहे का हो?" असं विचारणाऱ्या माणसाला गावकरी काय म्हणतील? प्रयोगशाळेत रोज सकाळी हाच प्रश्न विचारला जातो.

लघवीच्या तपासणीत मिलिलिटरला एक लाख जिवाणू सापडले की बहुधा संसर्ग धरतात. विहिरीच्या हिशेबात ३० ग्रॅम खसखस. एका शिऱ्यावर भुरभुरवण्यापुरती. रक्ताचं तर विचारूच नका. रक्तात जंतू शिरलेल्या मोठ्या माणसाच्या मिलिलिटरभर रक्तात कित्येकदा एक ते दहाच जिवाणू असतात आणि तेवढ्याच रक्तात तांबड्या पेशी असतात ५०० कोटी. पृथ्वीवर माणसं आहेत ८०० कोटींच्या आसपास. त्यातली अर्ध्याहून जास्त माणसं एका मैदानात उभी करा आणि त्यांच्यात दडलेला एक चोर शोधा.

अशा वेळी प्रयोगशाळा काय करते? चोराला खाऊपिऊ घालते, त्याचं खानदान वाढू देते आणि गर्दी डोळ्यांना दिसेल एवढी झाली की पकडते. म्हणून "परवा". पहिली रात्र वाढवण्यात जाते. दुसऱ्या दिवशी बशीवर उगवलेल्या ठिपक्यांतला एक उचलायचा, पाण्यात कालवायचा, ताज्या बशीवर सारवायचा आणि त्यावर अँटिबायोटिकने भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवायच्या. एकेक टिकली सहा मिलिमीटरची, साध्या कपाळावरच्या टिकलीएवढी. मग पुन्हा १६ ते १८ तास ऊब. ज्या टिकलीभोवती स्वच्छ गोल रिंगण उरलं ते औषध चालणार, जिच्या कुशीपर्यंत जंतू आले ते फुकट. पट्टी लावून रिंगण मोजायचं. किर्बी, बाउर आणि मंडळींनी १९६६ साली ही रीत नीट मांडली आणि जगभरच्या प्रयोगशाळांत ती अजून चालते. स्वस्त, सोपी, भरवशाची. मला तिच्याबद्दल नितांत आदर आहे. पण वेळ लागतो, कारण शेवटी बघायचं असतं डोळ्यांनी.

डोळा हे फार मंद यंत्र आहे. नळीतलं पाणी थोडं गढूळ दिसायला लागतं तेव्हा मिलिलिटरमध्ये कोटींनी जिवाणू झालेले असतात. प्रयोगशाळेत गढूळपणाचं एक ठरलेलं माप आहे, त्याला अर्धा मॅकफार्लंड म्हणतात. हलकीशी धुकट छटा. तेवढ्यात मिलिलिटरला १५ कोटी जिवाणू असतात. विहिरीच्या भाषेत ४५ किलो खसखस. जवळपास एक अख्खं पोतं विहिरीत ओतावं, तेव्हा कुठे डोळा म्हणणार, "काहीतरी पडलंय वाटतं."

पोतं पडेपर्यंत थांबायला रुग्णाला वेळ असतो का? संसर्ग रक्तात भिनून रक्तदाब कोसळलेल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या सहा तासांत योग्य औषध सुरू व्हायला जो प्रत्येक तास उशीर झाला त्यागणिक जगण्याचं प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घसरत गेलं होतं. तासाला रुपयातले साडेसात पैसे. आणि औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ साली जगात १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली, असा अंदाज आहे. दर पंचवीस सेकंदांनी एक. मुंबईहून सुटलेली डेक्कन क्वीन पुण्याला लागेपर्यंत साडेचारशेच्या वर.

म्हणून कुणाला तरी वाटलं की गर्दी मोजण्यापेक्षा गर्दीचा श्वास मोजू. बंद खोलीत दोनशे माणसं कोंडली तर ती दिसायच्या आधी जीव गुदमरल्यावरून कळतात. इथून आकडे असे सुटतात की हात धरून चाला.

हवेत प्राणवायू मुबलक. पाण्यात विरघळलेला मात्र अगदी बेताचा. ३७ अंशांच्या लिटरभर पाण्यात जेमतेम पावणेसात मिलिग्रॅम. तेवढ्याच हवेत त्याच्या चाळीसपट. हवा चाळीस रुपयांची मालकीण, पाण्याच्या खिशात एक रुपया. त्यातून आपण घेणार एकच मिलिलिटर. म्हणजे अगदीच चिल्लर, नाही का?

त्या चिल्लरीतले रेणू मोजू. साधारण सव्वा लाख गुणिले लाख कोटी. एकावर सतरा शून्यं, वर पाव हिस्सा आणखी. हा आकडा मला नुसता ऐकून कळत नाही, तुम्हालाही कळत नसणार. म्हणून प्रत्येक रेणूला एक रुपया म्हणू. भारत सरकारचं २०२५-२६ चं बजेट होतं ५० लाख ६५ हजार कोटी रुपयांचं. रेल्वे, रस्ते, सैन्य, पगार, पेन्शन, व्याज, सगळं धरून एका वर्षाचं. मिलिलिटरभर पाण्यातल्या प्राणवायूच्या रेणूंत अशी किती बजेटं बसतील? अडीच हजार! गौतम बुद्धांच्या काळापासून दरसाल इतका खर्च करत आलो असतो तर आत्ता कुठे हा खजिना तळाला गेला असता. वीस थेंबांत!

आता खर्च करणारे आत सोडू. भराभर वाढणारा एक ई. कोलाय सेकंदाला काही लाख रेणू फस्त करतो. आपण सात लाख धरू. एका जिवाणूला सात लाख म्हणजे किरकोळ, खजिन्याला टवकाही उडत नाही. पण मघाचं धुकट पाणी आठवतंय ना? मिलिलिटरला १५ कोटी जण. पंधरा कोटी गुणिले सात लाख. करा गुणाकार. १०० लाख कोटींच्या वर. सेकंदाला!

दर सेकंदाला भारत सरकारची दोन बजेटं. एक, दोन म्हणेपर्यंत चार. हे वाक्य वाचून होईपर्यंत दहा. अडीच हजार वर्षांचा खजिना वीस मिनिटांत झाडून साफ. वीस मिनिटं! डोळ्याला अजून "गढूळ आहे की नाही" हे ठरवता येत नाही तोवर आतल्या मंडळींनी बुद्धापासूनची तिजोरी रिकामी केली.

कमी जणांनी सुरुवात केली तर? तपासणीत प्रमाण म्हणून मिलिलिटरला पाच लाख जिवाणू घेतात. ते वाढत जातील, खात जातील, हे धरून कागदावर मांडलं तर झाकणबंद नळीतला प्राणवायू अडीच-तीन तासांत संपतो. खरे जिवाणू अंग झाडून उठायला थोडा वेळ घेतात, म्हणून थोडं पुढेमागे. (प्राणवायू संपला म्हणून ई. कोलाय मरत नाही. तो त्याशिवायही तग धरतो. पण समोर आहे तोवर आधी तोच ओरपतो, आणि आपल्याला तेवढं पुरे.)

आता शेजारी दुसरी नळी ठेवा. तेच पाणी, तेच जिवाणू, फक्त अँटिबायोटिक घातलेलं. औषध लागू पडलं तर श्वास मंदावतो आणि तिजोरी तशीच राहते. नाही पडलं तर दुसऱ्या नळीतही लूट चालू. कोण जगलं, कोण मेलं हे बघायला पोत्याची वाट बघायची गरज उरत नाही. नळीत प्राणवायू उरलाय का, एवढंच विचारायचं.

पण विचारायचं कुणाला? १९५० च्या दशकात अमेरिकेत ओहायोतल्या लेलंड क्लार्क यांनी प्लॅटिनमच्या तारेवर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा ताणून बसवला. पापुद्र्यातून प्राणवायू आत झिरपतो आणि तो जेवढा, तेवढी वीज वाहते. रक्तातला प्राणवायू मोजायला केलेलं हे साधन पुढे मासे, नद्या, दारूच्या भट्ट्या, सगळीकडे गेलं. त्यात एकच खोट. ते स्वतःही थोडा प्राणवायू खातं. पाहुण्यांची पानं मोजायला बसवलेल्या माणसानेच दोन घास खावेत तसं.

मग आले दिवे. रुथेनियम किंवा प्लॅटिनम पोटात असलेली काही रंगद्रव्यं असतात. त्यांच्यावर प्रकाश टाकला की ती क्षणभर आपल्या रंगात उजळतात. क्षणभर म्हणजे रुथेनियमवाली सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या चार-पाच पट, प्लॅटिनमवाली साठेक पट. अगदी क्षुल्लक? प्रकाशाला विचारा. पाच दशलक्षांश सेकंदात प्रकाश दीड किलोमीटर जातो, साठ दशलक्षांशात अठरा. म्हणजे प्लॅटिनमवालं रंगद्रव्य उजळून विझेपर्यंत प्रकाश दादरहून वाशीला पोहोचलेला असतो. एवढ्या वेळात प्राणवायूचा एखादा रेणू येऊन धडकला तर तो त्याची ऊर्जा काढून घेतो आणि दिवा फुंकर घातल्यासारखा मालवतो. प्राणवायू भरपूर असेल तर दिवे विझलेले. प्राणवायू संपला की दिवाळी. आतलं पदार्थविज्ञान मी शास्त्रज्ञांच्या भरवशावर सोडतो, तुम्हीही सोडा. आपल्याला दिवाळी पुरे.

ती मी बघितली आहे. ओळखीच्या एका सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी दोन नळ्या दाखवल्या. करंगळीपेक्षा थोड्या जाड, तळाला सिलिकॉनचा छोटासा गोळा, त्यात रुथेनियमचं रंगद्रव्य कोंडलेलं. एका नळीत कोरं द्रावण. दुसरीत सोडियम सल्फाइटचं पाणी, जे प्राणवायू शोषून टाकतं, म्हणजे जंतूंचं सोंग. दिवसाउजेडी दोन्ही सारख्याच दिसत होत्या. बाईंनी खोलीतला दिवा घालवला, खालून अतिनील दिवा लावला आणि म्हणाल्या, "आता बघा हं." पहिली काळोखी. दुसरीच्या तळाशी नारिंगी निखारा पेटलेला आणि वर पाण्याच्या कडेलाही त्याची नारिंगी वळी चमकत होती. मी नळी हातात घेऊन तिरकी केली, उलटसुलट केली. बाई हसल्या. "सगळे असंच करतात."

या नळ्या कशासाठी, हे विचारलं तेव्हा खरी गोष्ट सुरू झाली. टीबीसाठी.

ई. कोलाय म्हणजे शिवनेरी. टीबीचा जंतू म्हणजे आळसाचा राजा. एकाचे दोन व्हायला त्याला साधारण वीस तास लागतात. वीस मिनिटं विरुद्ध वीस तास, बरोब्बर साठपट. आपली दादर-चिंचवड रांग आठवा. त्याच ३६ दुपटी करायला याला ३० दिवस लागतात. ई. कोलायने रात्रीत केलेला प्रवास हा महिनाभर करत बसतो आणि एकोणतिसाव्या दिवशी विचारलं तर अजून खोपोलीच्या अलीकडेपलीकडे. अंडं घातलेल्या हिरव्या घट्ट खाद्यावर त्याची वसाहत दिसायला तीन ते सहा, कधी आठ आठवडे. मग औषधांची परीक्षा, तिला आणखी आठवडे. डॉक्टर आणि रुग्ण, दोघांनी दोन-तीन महिने अंधारात चाचपडायचं. आणि रुग्ण किती? २०२३ मध्ये एकट्या भारतात अंदाजे २८ लाख नवे. दर मिनिटाला पाचाहून जास्त. २०११ च्या जनगणनेतलं अख्खं नागपूर, वर आणखी चारेक लाख.

इथे ही नारिंगी नळी कामाला येते. एमजीआयटी तिचं नाव, आत सात मिलिलिटर द्रावण. मिलिलिटरला लाख ते दहा लाख जंतू झाले की दिवा उजळतो. विहिरीच्या भाषेत ३० ते ३०० ग्रॅम खसखस. डोळ्याला पोतं लागत होतं, हिला मूठ पुरते. ज्या कपाटात या नळ्या राहतात त्यात एका वेळी ९६० बसतात आणि यंत्र तासातासाला प्रत्येकीच्या तळाशी डोकावतं. दिवसाला २३ हजार वेळा. एक नळी जास्तीत जास्त ४२ दिवस ठेवतात. तेवढ्यात जवळजवळ दहा लाख वेळा डोकावणं होतं, एकदाही डुलकी न काढता.

औषधाची परीक्षा तर मला एखाद्या जुन्या सावकाराच्या हिशेबासारखी वाटते. एका नळीत औषध नाही, तिच्यात जंतू शंभरपट कमी घालतात. दुसरीत औषध आहे, तिच्यात पूर्ण. का? कारण ठरलेलं आहे की रुग्णाच्या जंतूंपैकी शंभरात एक जरी औषधाला पुरून उरत असेल तर ते औषध बाद. रुपयातला एक पैसा खोटा निघाला तर रुपया खोटा. बिनऔषधाच्या नळीत तो एक पैसाच टाकला आहे. ती उजळेपर्यंत औषधाच्या नळीने बरोबरी केली तर खोट सापडली. निकाल ४ ते १३ दिवसांत. महिन्यांचे आठवडे झाले.

औषध किती घालतात ते तर ऐकाच. आयसोनियाझिड हे टीबीचं जुनं, हुकमी औषध. त्याचं प्रमाण मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅमचा दहावा भाग. कळलं? मलाही नाही. गावात पाणी घेऊन येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. त्यात एक ग्रॅम आयसोनियाझिड टाका आणि ढवळा. एक ग्रॅम! आमटीत घालतो त्या हिंगाच्या चिमटीएवढं. ते टँकरभर पाणी आता टीबीच्या जंतूला प्यायला देऊ नका, तो मरेल. धडधाकट असेल तर.

आणि धडधाकट म्हणजे औषधाला कच्चा. पक्के असतातच. फुप्फुसात पोकळी पडलेल्या रुग्णात तिथे दहा कोटींच्या घरात जंतू असू शकतात. त्यात औषध दिसायच्याही आधीपासून दहा लाखांत एखादा आयसोनियाझिडला न जुमानणारा जन्मलेला असतो, दहा कोटींत एखादा रिफॅम्पिसिनला. म्हणजे पोकळीत पहिल्या जातीचे शंभर, दुसऱ्या जातीचा एक. दोन्हींना पुरून उरणारा? दोन्ही आकडे गुणा. १०० लाख कोटींत एक. हा आकडा ओळखीचा वाटतोय? सेकंदाला उडणारी ती दोन बजेटं! भारत सरकारच्या दोन वर्षांच्या सगळ्या खर्चातला ठरावीक एक रुपया. दहा कोटींच्या पोकळीत तो सापडणं जवळपास अशक्य. म्हणूनच औषधं कायम जोडीजोडीने, चौघं मिळून देतात.

पण समजा कुणी एकच औषध घेतलं, किंवा बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवल्या. शंभर वाचले. शंभराचे पुन्हा दहा कोटी व्हायला वीस दुपटी, चारशे तास, कागदावर सतरा दिवस. आता दहाच्या दहा कोटी पहिल्या औषधाला पक्के आणि त्यांच्यात दुसऱ्या औषधाला पक्का असलेला एक जण आयता बसलेला. दोन बजेटांतला अशक्य रुपया सतरा दिवसांत खिशात! असे रुपये साठत गेले तर काय होतं ते मुंबईने बघितलं आहे. २०११ च्या अखेरीस हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तपासून पाहिलेलं एकही औषध त्यांच्या जंतूंवर चालत नव्हतं.

आता जनुकं वाचणाऱ्या तपासण्याही आल्या आहेत. सीबीनॅट, आणि गोव्यातल्या कंपनीने बनवलेली ट्रूनॅट. दोन-एक तासांत रिफॅम्पिसिनचा निकाल देतात आणि त्यांनी फार मोठं काम केलं आहे. पण जनुकं वाचणं म्हणजे जंतूची पत्रिका बघणं. पत्रिकेत ज्या ग्रहांची नावं माहीत आहेत तेवढेच दिसतात. नळी थेट नाडी बघते: औषध पाजलं, आता श्वास चालू आहे की नाही सांग. म्हणून पत्रिका जुळली तरी कित्येकदा नळीला विचारावंच लागतं.

मावशीचा रिपोर्ट परवा संध्याकाळीच मिळाला. जुन्या रीतीचा, टिकल्यांचा. औषधांच्या यादीपुढे कुठे एस, म्हणजे लागू, कुठे आर, म्हणजे लागू नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी अंदाजाने दिलेली गोळी एसमध्ये होती, तोवर ताप उतरलाही होता. "मग इतके दिवस थांबून काय कळलं?" असं मावशीने विचारलं. मी तिला विहीर आणि खसखस सांगायला लागलो, तर ती स्वयंपाकघरात गेली.

मी मात्र अजून त्या कपाटाजवळ आहे. नवव्या दिवशीची सकाळ धरू. यंत्र दोनशेच्या आसपास वेळा डोकावून झालेलं आहे. बिनऔषधाची नळी उजळली. त्या एका पैशाचे एवढे झाले की त्यांनी तिजोरी फोडली. शेजारच्या नळीत शंभरपट जंतू घातले होते, वर टँकरातल्या त्या चिमटीच्या प्रमाणात आयसोनियाझिड. तिच्या तळाशी काळोख आहे. सात मिलिलिटर द्रावण, मिलिलिटरला अडीच हजार बजेटं. साडेसतरा हजार वर्षांचा खर्च नळीत जसाच्या तसा पडून आहे, आणि तंत्रज्ञ बाई वहीत त्या नळीच्या नंबरापुढे एक अक्षर लिहिताहेत: एस.